अक्का, आता तुझी पाळी

अक्का,

परवा फोनवर पुन्हा तेच विचारलंस, "केजची ती पोरगी किमोला गेली का?" गेली. नवराही गेला सोबत. आणि तुझी तपासणी? हे विचारलं की नेमकी रेंज कशी जाते गं तुझी? ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या तो हात सुजलाय, तरी भरली घागर उचलतेस, हे मला तुझ्या सुनेकडून कळावं?

रागावते, कारण तो हक्क तूच दिलास. माझं स्तनाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सगळे "काही होत नाही" म्हणत होते. तू दार लावलंस, पदर बाजूला केलास आणि म्हणालीस, "हात लावून बघ. भरलंय." संभाजीनगरला डॉक्टर चांगले भेटले, महात्मा फुले योजनेतून उपचारही झाले. पण पहिल्या किमोच्या रात्री लघवी लाल झाली आणि मी हादरले, तेव्हा "औषधाचा रंग आहे तो, झोप. सकाळी सिस्टरला विचार" हे सांगायला तूच होतीस.

तुझ्यासारखीच आणखी एक होऊन गेली. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये तेरेस लॅसर नावाच्या बाईचा स्तन काढला. पुढं कसं जगायचं ते तिला कुणी सांगेना. मग तीच दुसऱ्या बायकांच्या खाटेपाशी जाऊन बसू लागली. पुढं तिचं काम देशोदेशी पसरलं. तू तिचं नाव ऐकलेलं नाहीस, तरी करतेस तेच.

आपल्या बीडमध्ये तर या कामाची जास्त गरज आहे. कॅन्सर होईल अशी भीती घालून ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या, हे 2019 मध्ये साऱ्या राज्यानं वाचलं. सरकारी पाहणीत पिशवी काढलेल्या तेरा हजारांहून जास्त बायका निघाल्या. मग आता खरोखरची गाठ हाताला लागली तर डॉक्टरच्या शब्दावर त्यांनी विश्वास का ठेवावा? त्यात दसरा झाला की ऊसतोडीला टोळी निघते. उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही. गाठ दुखत नाही म्हणून बाई तशीच ट्रॅक्टरवर चढते. सुरुवातीला ती बहुतेक दुखतच नाही, हे तिला पटेल ते तुझ्याच तोंडून.

आणि गाठ शोधायला मोठं यंत्रच लागतं असं नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या सेविका हातानं तपासत होत्या. त्यात पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. यंत्राविना.

म्हणून आपल्या आरोग्य केंद्रांना माझं मागणं आहे: टोळ्या निघण्याआधी गावोगाव तपासणी करा, आणि आशाताईंच्या शेजारी यातून गेलेली एक बाई बसवा. तिच्या जाण्यायेण्याचा खर्च द्या, तिचा बुडालेला रोजही द्या. अक्कानं आजवर सगळं पदरचं घातलंय.

आणि अक्का, सोमवारी मी येतेय. फाईल काढून ठेव. एसटीला आपल्याला अर्धंच तिकीट आहे, पैशाचं कारण चालणार नाही.

तुझीच,
धाकटी