पैनगंगेपलीकडील चर

पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो. मराठी मात्र संपत नाही. आदिलाबादेच्या बाजारात कापसाचा भाव आमच्याच भाषेत कानी पडतो. मृग सरता सरता तेथील एका उतरत्या काळ्या तुकड्यावर आम्ही आठ दिवस कुदळ धरिली.

मॉलिसन व होमग्रेन ह्या ऑस्ट्रेलियातील दोघांनी १९७८ साली ग्रंथरूपाने मांडिलेली ‘पर्माकल्चर’, म्हणजे निसर्गाच्या रीतीने चालणारी चिरस्थायी शेती, तेलंगणास नवी नाही. तिची आंतरराष्ट्रीय परिषद २०१७ साली हैदराबादेस भरली होती. ग्रंथ वाचून ती आपणांस समजली, असा आमचा समज होता.

पाणी मुरविण्यास चर समपातळीत हवा. आम्ही तो नजरेच्या अंदाजाने खणिला. (सेमिनरीत भूमितीत पहिले आलो होतो ना!) पहिल्याच मोठ्या सरीत पाणी एका टोकास धावले, बांध फुटला आणि खालच्या कोलाम शेतकऱ्याची नुकती उगवलेली पऱ्हाटी दोन तासे वाहून गेली. बियाणे त्याने उधारीवर आणिले होते. तो रागावला नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

“पाण्याले उतारच समजते, फादर,” एवढेच तो म्हणाला. पाणलोटाच्या कामावर तो मजुरीस गेलेला. त्याने तीन बांबूंची चौकट बांधिली, शेंड्यास दोरीने दगड टांगिला. दोरी मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीवर! त्या रेषेने चर पुन्हा खणिला. माती खालच्या अंगास टाकून तीवर तूर टोचिली. जाळावयास रचलेल्या जुन्या पऱ्हाट्या मोडून वाफ्यांवर अंथरिल्या.

निघताना बियाण्याचे पैसे पुढे केले. त्याने ते मोजून घेतले. आम्हांस बरे वाटले.