कातळ अजून गरम आहे

आइसलँडमधल्या हाउकादालूरच्या खोऱ्यात उतरलो आणि आधी नाकाला कळलं कुठे आलोय ते. गंधकाचा उग्र वास, जमिनीतून जागोजागी वाफ. थोरला गेसिर हा गरम पाण्याचा उसळता झरा मात्र शांत होता. त्याला जागवायला लोकांनी काय काय केलं! 1935 मध्ये काठाला चर खणून पाण्याची पातळी उतरवली, पुढे त्यात साबणही ओतला. 2000 च्या भूकंपानंतर तो काही काळ पुन्हा उसळला, मग गप्प झाला. त्यामुळे गर्दी शेजारच्या स्ट्रोक्कुरभोवती.

हा दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो. पण त्या उसळण्यापेक्षा मला आवडला त्याच्या आधीचा क्षण. पाणी वरखाली हेलकावतं, मग अचानक निळसर घुमटासारखं फुगतं आणि फुटून पंधरा-वीस मीटर उंच जातं. खोल नळीतल्या पाण्यावर वरच्या पाण्याचा दाब असतो, म्हणून शंभर अंश ओलांडूनही ते उकळत नाही. वरचं थोडं उसळून सांडलं, दाब उतरला, की खाली एकदम वाफ होते.

"ताई, वारा आपल्याच बाजूला आहे," असं धाकटी म्हणेपर्यंत आम्ही भिजलोही होतो. सुदैवाने खाली येईतो ते पाणी निवलं होतं.

वाटेतला काळा दगड उचलून पाहिला तर ओळखीचाच: बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे खांब याच खडकाचे. आपला लाव्हा थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली, इथला सर्वांत जुना खडक मात्र जेमतेम दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. आणि नवा लाव्हा अजून येतोच आहे.

लाउगारवात्नच्या तळ्याकाठी एका मुलाने फावड्याने वाळू उकरून पातेलं वर काढलं. आदल्या दिवशी पुरलेला राईचा पाव, चोवीस तास जमिनीनेच भाजलेला. गोडसर, ओलसर, वर विरघळणारं लोणी. मी तीन तुकडे खाल्ले, लाजले नाही.

संध्याकाळी गावच्या तरणतलावावर गेलो. आत जाण्याआधी सगळे कपडे उतरवून साबणाने अंघोळ करायची, हा इथला नियम. भिंतीवर कुठे कुठे घासायचं याचं चित्रही होतं. आमची थोडी चुळबुळ झाली, पण इलाज नव्हता. गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसलेल्या एका आजींनी विचारलं, तुमच्याकडे असे झरे आहेत का? धाकटीने राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या झऱ्याचं वर्णन केलं. तिथे ज्वालामुखी नाही, भेगांतून खोल गेलेलं पाणी तापून वर येतं, हेही सांगितलं.

"मग त्यावर घरं गरम करता का?" आजींनी विचारलं. त्यांच्या देशात दहातली नऊ घरं तशीच उबदार राहतात.

"आजी, आमच्याकडे घरं गार करायची पंचाईत असते."

आजी खदाखदा हसल्या आणि शेजारणीला आइसलँडिकमध्ये ते सांगू लागल्या.