शेजारचा धूर

आमच्या शेजारचे ख्रिस्ती गृहस्थ रविवारी अंगणात डुकराच्या बरगड्या भाजतात. लसूण, मिरी, मिरच्या व माडाच्या व्हिनेगरात त्या रात्रभर मुरवलेल्या असतात. चरबी ठिबकून ज्वाळा उठू नयेत म्हणून निखारे एका बाजूस सारायचे, मांस दुसऱ्या बाजूस ठेवायचे, आणि हाडांची टोके उघडी पडेपर्यंत धीर धरायचा. चव मला ठाऊक नाही. कृती कुंपणावरून पाहिलेली. धूर मात्र थेट आमच्या तुळशीवृंदावनाशी येई.

एकदा एकादशी रविवारी आली. मी रागाने नोटिशीचा मसुदा केला. आई म्हणाली, “अरे, आपल्या चवथीच्या फटाक्यांबद्दल त्यांनी कधी नोटीस धाडली?”

मी निरुत्तर झालो. मसुद्यात धुरापेक्षा जुना सल अधिक होता. १५६० साली मंगेशाला कुशस्थळी सोडून नदीपार प्रियोळास जावे लागले. त्याचा जाब या सज्जनाकडे मागणारा मी कोण? कागद फाडला, कुंपणापाशी गेलो आणि आईची एकादशी असते, एवढेच सांगितले.

ते ओशाळले. “वकीलबाब, पयलींच कित्याक सांगलें ना?”

तेव्हापासून त्यांची शेगडी घरामागे पेटते.