गुरुजींच्या नावावरची चेतक

जुनी दुचाकी विकताना आपल्याकडे एक पद्धत पडून गेली आहे. विकणारा फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर सही करतो, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरी सोडतो, पैसे मोजून घेतो आणि गाडीशी आपला संबंध संपला असं धरून चालतो. गॅरेजमध्ये याला ‘टीटीवर सह्या करून दिल्या’ म्हणतात. ते कोरे फॉर्म मग गाडीबरोबर या हातातून त्या हातात जात राहतात. साताऱ्यातल्या एका मेकॅनिककडून मी १९९४ सालची बजाज चेतक घेतली, तेव्हा तिच्यासोबत असेच दोन पिवळे पडलेले फॉर्म आणि आरसी बुकाची एक पुसट झेरॉक्स मिळाली. मूळ पुस्तक कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेकॅनिकने काही लपवलं नाही. कागद नाहीत म्हणूनच गाडी वर्षानुवर्षं त्याच्या शेडमध्ये पडून होती. मीही ठरवलं होतं की कागद झाले तरच ती रस्त्यावर आणायची.

झेरॉक्सवर कोरेगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचं नाव होतं. त्यांना इथे गुरुजीच म्हणते. त्यांनी गाडी एका दूधवाल्याला विकली, त्याने आणखी कुणाला, आणि शेवटच्या माणसाने दुरुस्तीचे पैसे फिटेनात म्हणून ती मेकॅनिकला देऊन टाकली. इतके हात बदलले, पण सरकारदरबारी गाडी गुरुजींचीच राहिली. चौकशी केली तर गुरुजी वारले होते. म्हणजे त्यांच्या सहीचे फॉर्म आता कागद म्हणूनही उपयोगाचे नव्हते. एका एजंटाला दाखवले तर तो म्हणाला, “मॅडम, मयत आहेत हे सांगायचंच कशाला? सही आहे ना? तारीख मी टाकतो, कमी पडली तर सहीपण मारून देतो.” मी फॉर्म परत घेतले. गेलेल्या माणसाच्या नावाने खोटी सही करून मिळालेली मालकी मला नको होती, आणि असं कुणीही करू नये असं माझं ठाम मत आहे.

पहिली अडचण वेगळीच निघाली. गाडीचा नंबर ‘वाहन’ प्रणालीवर टाकला की काहीच दिसत नव्हतं. संगणक येण्यापूर्वीच्या गाड्यांच्या नोंदी आरटीओतल्या जाड बांधीव वह्यांमध्ये आहेत. त्यांना बी-रजिस्टर म्हणतात. ज्या गाडीची मधल्या काळात ना मुदतवाढ झाली ना हस्तांतर, तिची नोंद वहीतच राहून गेलेली असू शकते. मी रीतसर अर्ज करून उतारा मागितला. रेकॉर्ड रूममधल्या लिपिकाने मोठ्या आस्थेने वही शोधली. गाडीचा रंग, इंजिन आणि चेसिस नंबर, एकरकमी कर भरल्याची नोंद, सगळं शाईने नीट लिहिलेलं होतं. आणि समासात बोजा होता, शिक्षकांच्या एका पतसंस्थेचा.

उतारा हातात आल्यावर मी गुरुजींच्या गावी गेले. त्यांच्या मुलाने माझं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “गाडीने कुठं अपघात-बिपघात केलाय का?” त्याचा चेहरा उतरला होता. अनोळखी बाई दारात येते, वडिलांच्या नावाची गाडी माझ्याकडे आहे म्हणते, तर माणूस दुसरं काय विचारेल? मी नाही म्हटलं, तरी त्याची खात्री पटायला वेळ लागला.

त्याची भीती अगदी रास्त होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. या कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच धरलं. त्यातली गाडी मूळ मालकाने २००७ सालीच विकली होती, पुढे ती एकामागून एक माणसांकडे गेली आणि २००९ मध्ये अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर होती, आणि भरपाईची जबाबदारीही त्याच्याकडेच आली. ज्याने दोन वर्षं ती गाडी पाहिलीही नसेल, त्याच्यावर! तोवर मी या कागदांकडे माझी गाडी, माझी सोय असंच पाहत होते. त्या ओसरीवर बसल्यावर लक्षात आलं की त्यांची खरी गरज या घराला आहे. मधल्या काळात एखाद्याने त्या चेतकवरून कुणाला उडवलं असतं, तर नोटीस याच दारात आली असती.

गुरुजींच्या पत्नी, काकू, आतून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “गाडी मोडीत गेली असंच हे म्हणायचे. चालू होईल का गं ती?” मग त्यांनी एलआयसीच्या पॉलिसी ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिच्यात पतसंस्थेचं पासबुक होतं, शेवटच्या पानावर कर्ज निरंक झाल्याचा शिक्का. पगारातून हप्ते कापून कर्ज कधीच फिटलं होतं. आरसीवरचा बोजा तेवढा कुणी उतरवला नव्हता.

पण बोजा उतरवायला फॉर्म ३५ वर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही लागते, आणि ती पतसंस्था मध्यंतरी अवसायनात निघाली होती. कार्यालयाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयातून अवसायकांचा पत्ता काढला, पासबुकाची प्रत दिली, जुन्या खतावणीशी ताळा झाला. तेव्हा कुठे बेबाकी दाखला आणि फॉर्म ३५ वर सही मिळाली. सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. काकूंनी ते पासबुक जपलं नसतं तर काय झालं असतं, कोण जाणे. कर्ज फिटल्यावर त्याच आठवड्यात बोजा उतरवून घ्यावा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

पुढचे कागद काकूंच्या नावाने झाले. मयत मालकाची गाडी आधी वारसाच्या नावावर येते, मगच ती विकता येते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि मुलामुलींची संमती. मूळ पुस्तक हरवल्याबद्दल पोलीस ठाण्यात नोंद करून दाखला घेतला आणि दुय्यम आरसीसाठी फॉर्म २६ भरला. गाडी चोरीची नाही हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेवर चेसिस नंबर टाकून पाहता येतं, तेही पाहिलं. जुनी गाडी घेणाऱ्याने पैसे देण्याआधी एवढं नक्की पाहावं.

नोंदणीची १५ वर्षांची मुदत २००९ मध्येच संपली होती. तेव्हा नूतनीकरणाचा फॉर्म २५, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि निरीक्षकांसमोर तपासणी हे आलंच. मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडून साफ केला, ऑइलचं प्रमाण नीट केलं आणि टू-स्ट्रोक इंजिन धुराच्या चाचणीत पास झालं. तपासणीच्या वेळी मात्र गाडं अडलं. झेरॉक्सवर चेसिस नंबरातला एक आकडा ३ दिसत होता, वहीत ८ होता, आणि गाडीवर रंगाचे थर चढल्याने काहीच वाचता येत नव्हतं. निरीक्षकांनी थिनरने तेवढा भाग पुसून घेतला, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली. ठसा स्वच्छ उठला. आठच होता. त्यांनी तो वहीच्या उताऱ्याशी पुन्हा पडताळला आणि मगच शेरा मारला. हे काम त्यांना डोळे झाकून उरकता आलं असतं. त्यांनी ते तसं केलं नाही, याचा मला आदर वाटतो.

शेवटी काकूंनी माझ्यासाठी नवे टीटी फॉर्म सही केले. या वेळी माझं नाव, पत्ता, तारीख सगळं आधी भरून घेतलं, आणि त्याच दिवशी अर्ज दाखल केला. स्मार्ट कार्ड आल्यावर त्याची एक प्रत काकूंना नेऊन दिली, कारण गाडी आता त्यांच्या घराच्या नावावर नाही याचा पुरावा त्यांच्याकडेही हवा. नोंद ‘वाहन’वर आल्यामुळे उच्च सुरक्षा नंबर प्लेटही मागवता आली; दुचाकीसाठी ती ४५० रुपये अधिक जीएसटी.

प्रत वाचून झाल्यावर गुरुजींच्या मुलाने घरातली दुसरी फाइल काढली. वडिलांच्या नावावरची एक मोटरसायकल त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी भाच्याला वापरायला दिली होती आणि तिचंही नाव बदललेलं नव्हतं. “तिचंपण असंच करायचं ना?” त्याने विचारलं. फॉर्म ३१ माझ्या पिशवीत होताच. तिथेच बसून आम्ही तो भरला.