तपासनीस

मी अजूनही तपासते. पूर्वी नववीच्या इतिहासाच्या वह्या तपासायचे, आता जहाजं तपासते. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, "सध्या काय करता?" की मी "घरीच असते" म्हणून मोदकांकडे वळायचे. यंदा अंकासाठी लिहा म्हटल्यावर ठरवलं, सांगून टाकू.

'ईव्ह ऑनलाइन' हा अवकाशातल्या जहाजांचा खेळ. आइसलँडमधल्या सीसीपी कंपनीने २००३ साली काढला. जगभरातले हजारो लोक एकाच आकाशात खेळतात. जानेवारी २०१४ मध्ये त्यातली एक लढाई एकवीस तास चालली आणि पंचाहत्तर 'टायटन', म्हणजे सगळ्यात मोठी जहाजं, बुडाली. ग्रोनिंगनला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात साडेचारला अंधार पडायचा, डच येत नव्हतं, आणि माझं एम.ए., बी.एड. कपाटात होतं. नवरा हा खेळ खेळायचा. त्याने दोन महिन्यांत सोडला, मी राहिले.

आमच्या गटात माझ्याकडे एक काम आहे. ताफा निघण्याआधी प्रत्येकजण आपल्या जहाजाची मांडणी पाठवतो आणि मी ती पास किंवा नापास करते. जहाजाला बाहेरून ढाल, आत चिलखत, त्याच्या आत सांगाडा. मारा चार प्रकारचा. ढाल मुळात विद्युत-चुंबकीय माऱ्यापुढे कच्ची, चिलखत स्फोटकांपुढे. नवी मुलं हमखास जी बाजू आधीच भक्कम आहे तीच वाढवतात, कारण आकडा छान दिसतो. येणाऱ्या धड्याचीच उजळणी करणारे विद्यार्थी मी दहा वर्षं पाहिले आहेत. शिवाय एकाच जातीचं चौथं यंत्र लावलं तर खेळ त्याचा जेमतेम पाव गुण देतो. चौथ्यांदा ओरडलेलं वर्गही ऐकत नाही.

खरी गंमत टक्क्यांची आहे. ढाल दहा हजारांची आणि प्रतिकार पंचाहत्तर टक्के, म्हणजे माऱ्याचा चौथा हिस्साच लागतो. ती ढाल चाळीस हजारांसारखी टिकते. प्रतिकार ऐंशी केला की पन्नास हजारांसारखी. नुसत्या पाच टक्क्यांत दहा हजार! आणि ताफ्यात दुरुस्तीची वेगळी जहाजं असतात, त्यांनी भरलेला प्रत्येक थेंबही तसाच वाढतो. म्हणून मी आधी प्रतिकार बघते, मग जाडी. जाडी फुकट मिळत नाही. चिलखताच्या पत्र्यांनी जहाज जड होतं, ढाल वाढवली की नेम धरायला सोपं. आणि सगळा ताफा एकाच पद्धतीचा हवा. ढाल भरणाऱ्या जहाजांना चिलखत सांधता येत नाही.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते स्वतःच स्वतःची दुरुस्ती करणाऱ्या यंत्रावरून. गेल्या हिवाळ्यात बेल्जियमचा एक विद्यार्थी आला. त्याचं जहाज सुंदर होतं, एकट्याने तिघांशी लढलेलं. मी नापास केलं. एकटं लढताना ते यंत्र सोन्यासारखं. पण ताफ्याच्या लढाईत चाळीस तोफा एकाच जहाजावर वळतात, आणि यंत्राचा पुढचा फेरा येईपर्यंत जहाज उरत नाही. तिथे हवा साठा, दुरुस्तीवाल्यांना पोहोचेपर्यंत टिकेल एवढा. त्याने कुरकुरत यंत्र काढलं, आणि तरीही बुडाला. कारण मारा सुरू झाल्यावर त्याने हाकच दिली नाही. दुरुस्तीवाल्याला नेम धरायला काही सेकंद लागतात; नेम धरल्याचं दिसताक्षणी हाक द्यायची असते, ढाल संपल्यावर नव्हे. तो म्हणाला, "मला वाटलं, दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल." मी त्याला शाळेतल्या आवाजात झापलं.

पुढच्याच आठवड्यात नॉर्डरप्लांट्सुनजवळ बर्फावरून माझी सायकल घसरली. नवरा कामासाठी जर्मनीत, मुलगा चार वर्षांचा आणि तापलेला. उजवं मनगट सुजलं. फोनवर नवऱ्याला म्हटलं, "थोडं मुरगळलंय." तीन दिवस डाव्या हाताने पेज केली, त्याचे कपडे बदलले, रात्री कळ आली की उशी तोंडावर धरली. मंडळाच्या गटात दोनशे माणसं. मी तिथे हळदीकुंकवाच्या फोटोला हात जोडलेलं चित्रही टाकलं. चौथ्या दिवशी आसेनच्या एक ताई सहज फोन करत्या झाल्या, माझा आवाज ऐकला आणि पुढच्या गाडीने मुगाची खिचडी घेऊन हजर. मला दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. वाटेत म्हणाल्या, "फोन करायचा नाही का गं?" मी उत्तर दिलं ते ऐकून मलाच कसंसं झालं, "तुम्हाला तुमचा व्याप आहे म्हणून..."

प्लास्टरमुळे सहा आठवडे माउस धरता आला नाही. तेव्हा या शहराबद्दल वाचत बसले. मी पडले ती बागच मुळी जुन्या तटबंदीवर आहे. १६७२ मध्ये, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या दोनच वर्षं आधी, म्युन्स्टरच्या बिशपने ग्रोनिंगनला वेढा घातला. तोफगोळ्यांचा एवढा वर्षाव केला की इथे त्याचं नाव 'बॉमेन बेरेंड' पडलं. तट बळकट होता हे खरं, पण उत्तरेची बाजू त्याला बंद करता आली नाही. तिकडून रसद आणि माणसं येत राहिली. २८ ऑगस्टला वेढा उठला. तो दिवस शहर अजून साजरा करतं.

यंदा त्या दिवशी सासूबाई इथे होत्या. देवगडच्या, विजयदुर्गाचा तिहेरी तट लहानपणापासून पाहिलेल्या. मी घाईने चार जहाजं तपासत होते, त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. लपवायला वेळ मिळाला नाही.

"हा तर चांगला दिसतोय. याला का नापास?"

"आई, हा स्वतःची दुरुस्ती स्वतःच करणार म्हणतो."

"मग वाईट काय त्यात?" त्यांनी चष्मा सारखा केला. "एकटाच जातोय का?"

"नाही, साठ जण आहेत."

"मग सांग की त्याला तसं."

मी मेसेज लिहीपर्यंत त्यांनी नातवाला स्वेटर चढवला होता. आतषबाजी सुरू व्हायला अर्धा तास होता.