आपली ती सवय, त्यांचं ते व्यसन

माझी आजी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. परकरातली पोर असताना तिची दाढ ठणकली, तेव्हा आईनेच तिच्या बोटावर ती पहिली चिमूट ठेवली होती. पुढे जन्मभर मिश्री लावल्याशिवाय तिची सकाळ सुरू झाली नाही. याला घरात कुणी व्यसन म्हटलं नाही. तीच आजी विडी ओढणाऱ्या काकाला मात्र ‘वाया गेलेला’ ठरवून मोकळी झाली होती.

काकाला पुढे गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, धास्ती वाटली. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली आणि चांगल्या घरची कॉलेजातली पोरं पन्नीवर ती तापवून धूर ओढू लागली. त्या मुलांच्या कहाण्या अनिल अवचटांनी लिहिल्या. १९८६मध्ये पुण्यात त्यांनी आणि डॉ. अनिता अवचटांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्या कहाण्या वाचताना काका हळहळायचा, आणि वाचून झालं की विडी पेटवायचा.

माझ्या पिढीच्या वाट्याला गुटखा आला. टपरीवर पुड्यांच्या माळा, भाव गोळ्या-चॉकलेटचा. राज्यात २०१२मध्ये त्यावर बंदी आली, तर सुपारीची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, असा तोडगा निघाला. आज माझ्याच वयाचे बाप गालात तोबरा धरून ‘हल्लीच्या पोरांच्या एमडी’विषयी तावातावाने बोलतात.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. रसायनांपासून बनतं; त्याला ना शेत लागतं, ना हंगाम. दारूसारखा तोंडाला वास नाही, गांजासारखा धूर नाही. मिश्री उंबऱ्यात बसून लावली जायची. ही पावडर दार लावून घेतली जाते. घातक तर दोन्ही. तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचे वॉर्ड भरले, पण सगळ्यांच्या देखत भरले. एमडीत मात्र घराला पत्ता लागेपर्यंत पोरगं बरंच पुढे गेलेलं असतं.

पदार्थ बदलले, देणारा हात फारसा बदलला नाही. आजीला आईने दिलं, काकाला थोरल्या मित्रांनी, आजच्या मुलाला वर्गातल्या कुणीतरी. अनोळखी माणसाने चौकात गाठल्याच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, आणि पहिला घोट किंवा झुरका बहुतेकदा ओळखीच्या, आवडत्या माणसाकडून येतो. त्याला नाही म्हणणं सोळाव्या वर्षी फार जड जातं. पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. लागलेली गोडी मात्र त्याआधीच पक्की होऊ शकते.

म्हणून मुलाच्या खिशात काही सापडलं की आधी कानाखाली आवाज काढणारे आईबाप मला समजतात, पण पटत नाहीत. त्या आवाजाने मुलगा एकच धडा शिकतो: पुढच्या वेळी नीट लपवायचं. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यातही ६४-अ कलम आहे. केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार तेवढे पुरे करावे लागतात. इतक्या कडक कायद्याने कबुलीला जेवढी सवड ठेवली आहे, तेवढी तरी घराने ठेवावी.