हरताळ : पोथीतला विषारी पिवळा

हरताळ हे आर्सेनिक आणि गंधक यांचे नैसर्गिक संयुग आहे. त्याच्या रेणुसूत्रात आर्सेनिकचे दोन आणि गंधकाचे तीन अणू येतात; वजनाने पाहिले तर सुमारे ६१ टक्के भाग आर्सेनिकचाच. उष्ण झऱ्यांच्या काठी, ज्वालामुखीच्या वाफा निघतात तिथे आणि खडकांतील शिरांमध्ये ते तयार होते. सोबत बहुधा मनशीळ सापडते. तीही आर्सेनिक आणि गंधक यांचेच संयुग, पण रंगाने तांबडी-नारिंगी. इराण, चीनमधील हुनान आणि हिमालयाच्या पश्चिमेकडील चित्रळ हे हरताळाचे जुने प्रदेश.

रसशास्त्रात हरताळाचे दोन प्रकार मानतात. पत्रताल पापुद्र्यांचा आणि चकाकणारा असतो, तर पिंडताल मातकट गोळ्यांसारखा. रंगासाठीही पहिलाच पसंत केला जाई. चांगल्या खड्याचे पापुद्रे अभ्रकासारखे सुटतात. पापुद्रा वाकवला तर वाकतो, पण अभ्रकासारखा उसळी मारून सरळ होत नाही. ओळखायची ही सोपी खूण. खडा पाण्याच्या साडेतीनपट जड असला तरी नखाने चरा पडावा इतका मऊ असतो.

मऊ असूनही हरताळ खलायला कठीण. बत्त्याखाली कण फुटण्याऐवजी पापुद्रे एकमेकांवरून घसरतात. इ. स. १४०० च्या सुमारास इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात हीच अडचण नोंदवली आणि खलताना काचेचा थोडा चुरा घालण्याचा उपाय सांगितला. तोंडाला हा रंग लागू देऊ नये, असेही त्याने बजावले. खल किती करायचा, हाही निर्णयाचा भाग असतो. भरड राहिलेल्या हरताळाला सोन्यासारखी झाक असते, तर फार बारीक केला की तो फिका लिंबोणी होतो. चकाकी हवी की सपाट झाकणारा रंग, हे खल सुरू करण्यापूर्वीच ठरवावे लागते. खलायचा तो ओलाच. कोरडी पूड हवेत उडते आणि थेट श्वासात जाते.

खललेल्या पुडीत डिंकाचे पाणी घालून रंग तयार होतो. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर लेप तडकतो आणि त्याचे पोपडे निघतात. पोथीच्या पानाला हा दुसरा दोष अधिक घातक, कारण पान हाताळताना दर वेळी थोडे वाकतेच.

पोथी लिहिणाऱ्याला हरताळ लागे तो चूक दुरुस्त करण्यासाठी. जुन्नर किंवा दौलताबादच्या हातकागदाला खळ लावून तो घोटलेला असे. चुकलेले अक्षर खरवडले की खळीचा थर फाटतो आणि त्या जागी पुन्हा लिहिताना शाई फुटते. म्हणून चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा आणि वरून बोरूने बरोबर अक्षर लिहायचे. हरताळ अपारदर्शक असल्याने खालची काळी शाई झाकली जाते. काजळाची शाई त्याच्याशी रासायनिक झगडा करत नाही, त्यामुळे वरचे अक्षर टिकते. जुन्या पोथीच्या पानावर मध्येच एखादा पिवळा चौकोन आणि त्यावर ठळक काळे अक्षर दिसते, ते या कामामुळे.

काही ठिकाणी डाग झाकण्यापुरते न थांबता सबंध पानालाच हरताळ दिला जाई. आसामात अगरूच्या सालीपासून केलेल्या सांचीपातावर असा लेप देण्याची पद्धत होती, आणि नेपाळातही हरताळाने पिवळा केलेला कागद पोथ्यांसाठी वापरत. असे पान कसर आणि वाळवी सहसा खात नाही. किड्याला मारणारा आर्सेनिक आणि डोळ्याला सुखावणारा पिवळा रंग एकाच रेणूतून येतात. एक काढून दुसरा ठेवता येत नाही.

चित्रकारालाही हरताळाची संगत जपून निवडावी लागते. शिसे किंवा तांबे असलेल्या रंगांशी त्यातील गंधकाची अभिक्रिया होऊन रंग काळवंडू शकतो. म्हणून शिशाचा सफेदा आणि तांब्याचा जंगाल त्याच्यापासून दूर ठेवावेत. नीळ मात्र चालते. हरताळ आणि नीळ मिळून होणारा हिरवा भारतीय चित्रांत जागोजागी आढळतो, आणि विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र हरताळाला रंगद्रव्यांत स्थान देते. उजेड हा दुसरा शत्रू. दीर्घकाळ उजेडात राहिलेल्या हरताळाचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन पांढरट आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे सोमल, तयार होतो. मनशीळही उजेडाने बदलते. तिची पिवळी भुकटी होते.

विषाचा प्रश्न इथेच अधिक गंभीर होतो. शुद्ध हरताळ पाण्यात फारसा विरघळत नाही. सोमल विरघळतो आणि शरीरात सहज शोषला जातो. आर्सेनिक शरीरातील प्रथिनांमधील गंधकाच्या गटांना चिकटून विकरांचे काम बंद पाडतो. म्हणजे फिका पडलेला, भुकटी सुटणारा जुना हरताळ ताज्या खड्याहून जास्त धोक्याचा. हरताळ तापवला की विषारी वाफ निघते. रसशास्त्रात कोहळ्याच्या रसात किंवा चुन्याच्या निवळीत त्याचे शोधन सांगितले आहे. पण या वाफेमुळे ते घरी करून पाहण्याजोगे काम नाही.

कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवणे आणि बोटाला थुंकी लावून पान उलटणे, या दोन सवयींनी हरताळ पोटात जातो. एकोणिसाव्या शतकात क्रोमचा आणि कॅडमियमचा पिवळा बाजारात आला आणि चित्रकारांच्या हातून हरताळ सुटला. ते दोन्ही रंगही निर्धोक नव्हते. पोथ्यांतला हरताळ मात्र आजही जागच्या जागी आहे.

घरच्या बासनात जुनी पोथी असेल आणि तिच्यात पिवळे ठिपके किंवा पिवळी पाने दिसली, तर तपासणी होईपर्यंत तो रंग हरताळच समजावा. पान कोरड्या हाताने, शक्यतो हातमोजे घालून उलटावे. तो रंग घासू किंवा पुसू नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. पोथी मुलांच्या हाती देऊ नये. विषाच्या भीतीने ती जाळू तर मुळीच नये, कारण धूर विषारी होतो आणि ग्रंथही जातो. पोथी कापडात बांधून, उजेड आणि ओल यांपासून दूर ठेवून, हस्तलिखितांचे जतन करणाऱ्या संस्थेला दाखवावी.